फिरकीचं पहिलं वेत

मास्तरांचं दुकान रस्त्यापेक्षा तीन पायऱ्या खाली होतं. खिडकी होती, पण ती फुटपाथच्या पातळीला, त्यामुळे बाहेरचं जग त्यांना गुडघ्यापर्यंतच दिसायचं. बत्तीस वर्षं हाच देखावा बघून माणसं बुटांवरून ओळखायची त्यांना सवय झाली होती. दार उघडायच्या आधीच ते म्हणायचे, "या पोस्टमन, डाव्या बुटाची टाच झिजलीय तुमच्या."

नवे कपडे शिवणं त्यांनी कधीच सोडलं होतं. आता काम सगळं दुरुस्तीचं. सैल करायचं, आत घ्यायचं, उंची कमी करायची, चेन बदलायची, उसवलेलं अस्तर लावायचं. गिऱ्हाईक लाजून म्हणालं, की पँट जरा घट्ट होतेय, तर मास्तर गंभीरपणे म्हणायचे, "कापड आटलं असेल. हल्ली कापडाचा भरवसा नाही." असं बोलणाऱ्या माणसाला गिऱ्हाईक कसं सोडून जाईल?

कुठल्याही कापडाला कात्री लावण्याआधी ते तीनदा माप घेत. दोनदा सगळेच घेतात, तिसऱ्यांदा मास्तर घेत. त्यांची बायको बालवाडीत शिकवायची. ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "मला बघायलाही हे तीनदा आले. तिसऱ्यांदा म्हणे छत्री विसरली होती. छत्री हातातच होती."

अशा माणसाच्या घरात फिरकी आली ती मात्र एका दुपारी, कसलाही विचार न करता. गाव सोडून चाललेल्या एका जुन्या गिऱ्हाइकाने टोपलीतून कुत्र्याचं आठ आठवड्यांचं पिल्लू आणलं आणि विचारलं, "ठेवता का?" मास्तर तोंडात टाचण्या धरून बसले होते, त्यामुळे नाही म्हणता आलं नाही. तासाभरात पिल्लाने दोऱ्याचं रीळ दुकानभर फिरवून स्वतःलाच गुंडाळून घेतलं. नाव तिथेच पडलं. लहान चणीची, तपकिरी-पांढऱ्या लांब केसांची, कान लोंबते, आणि डोळे असे, की रागावायला तोंड उघडावं आणि बिस्किटाचा डबा उघडावा लागावा.

फिरकी चार वर्षांची झाली तेव्हा ड्रायव्हरकाका पहिल्यांदा दुकानात आले. तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला, दाराएवढा रुंद माणूस. सोबत फिरकीच्याच जातीचा, काळा-पांढरा, डौलदार कुत्रा. काकांनी पँट टेबलावर ठेवली आणि कुत्र्याकडे वळून म्हणाले, "साहेब, बसा." कुत्रा बसला. त्याचं नावच साहेब होतं. "आयुष्यभर साहेबांनी मला उठवलं-बसवलं," काका म्हणाले, "म्हटलं, आता आपणही एका साहेबाला बसवून बघू."

फिरकी इस्त्रीच्या टेबलाखालून बाहेर आली. दोघांनी एकमेकांना हुंगलं आणि पाच मिनिटांत दुकानात असा धुमाकूळ घातला, की सोळा कोटांचा दांडा आडवा झाला. काका कोट उचलता उचलता म्हणाले, "मास्तर, जोडा काय शोभतो. हिला एकदा पिल्लं होऊ द्या. माझी काही अट नाही. एक पिल्लू मला, बाकीची तुमची."

मास्तर हसून "बघू" म्हणाले. पण ते "बघू" त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात भुंग्यासारखं फिरू लागलं. टीप घालता घालता त्यांना फिरकीचे कान असलेली छोटी छोटी डोकी दिसायला लागली. खरी गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. गेल्या थंडीत फिरकीच्या तोंडावर दोन पांढरे केस दिसले होते. चिमट्याने उपटावेत असं वाटलं होतं त्यांना. कुत्र्याचं आयुष्य ते केवढं. आणखी आठ-दहा वर्षांनी टेबलाखाली काय उरणार? तिचं एखादं पिल्लू असलं, तर ती पूर्ण गेली असं होणार नाही.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी विषय काढला. बायकोने पाणी पिऊन पेला खाली ठेवला. "पिल्लं होतील पाच-सहा. त्यांना घरं कुठली?"

"मागणारे काय, ढिगाने आहेत."

"ढीग मोजलात?"

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांनी मापाच्या वहीच्या शेवटच्या पानावर यादी सुरू केली. आठवड्यात अकरा जण झाले. बेकरीवाली, पोस्टमन, वरच्या मजल्यावरचे नवरा-बायको, चष्म्याच्या दुकानातला, मास्तरांची भाची, बालवाडीची मुख्याध्यापिका. "फिरकीचं पिल्लू? आत्ता द्या," असंच प्रत्येकजण म्हणाला. मास्तरांनी वही बायकोपुढे अभिमानाने धरली.

तिने चष्मा लावून पान वाचलं. "हौस आहे सगळ्यांना," ती म्हणाली. "आता प्रत्येकाला एवढंच विचारा, की दिवसा त्याला कोण बघणार, आणि तुम्ही गावाला गेलात की ते कुठे राहणार. आमच्याकडे प्रवेशाच्या वेळी आम्ही पालकांना हेच विचारतो."

मास्तरांनी विचारलं. वरच्या मजल्यावरच्या नवऱ्याने बायकोकडे बघितलं, बायकोने नवऱ्याकडे, आणि पिल्लाऐवजी आधी मासे पाळून बघायचं ठरलं. चष्मेवाला म्हणाला, की गावाला गेलो की तुमच्याकडेच सोडीन की, आणि त्याचं गाव वर्षातून सहा महिने निघालं. आपल्याला लांब केसांची ॲलर्जी असल्याचं मुख्याध्यापिकेला अचानक आठवलं. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी अकरातले आठ गळाले. उरले तीन: बेकरीवाली, भाची आणि पोस्टमन. पोस्टमनचं उत्तर तर मास्तरांना फार आवडलं. तो म्हणाला, "मास्तर, सव्वीस वर्षं कुत्रे मला चावत आलेत. एकदा एकाला लहानपणापासून वळण लावून बघायचंय. बायको घरीच शिकवण्या घेते, पिल्लू एकटं राहणार नाही."

"तीन पुरतात का?" मास्तरांनी बायकोला विचारलं.

"ते फिरकीला विचारा," ती म्हणाली. "आणि तिला बोलता येत नाही म्हणून डॉक्टरीणबाईंना विचारा."

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. तरुण बाई, केस कायम एका पेन्सिलीने वर बांधलेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि फिरकीला टेबलावर चढवलं. दात पाहिले, डोळ्यांत बॅटरी मारली, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. "हृदय छान आहे," त्या म्हणाल्या. मास्तरांची मान ताठ झाली. मग त्यांनी फिरकीची मागची उजवी तंगडी हातात घेतली, गुडघा हळूच दुमडला, सरळ केला, पुन्हा दुमडला. त्यांचा अंगठा एका जागी थांबला.

"ही कधी लंगडी घालते का? म्हणजे चालता चालता दोन-तीन पावलं एक पाय वर, आणि मग पुन्हा नीट?"

मास्तर हसले. "घालते की. पायऱ्या उतरताना. ती तिची लकब आहे. गिऱ्हाइकं मुद्दाम बघायला थांबतात."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी मास्तरांचं बोट धरून फिरकीच्या गुडघ्यावर ठेवलं. "इथे. गुडघ्याची वाटी. आता मी पाय वळवते." मास्तरांच्या बोटाखालून काहीतरी टुक् करून बाजूला सरकलं आणि पुन्हा जागेवर आलं. चाळीस वर्षं ज्या बोटांना कापडातली एक चुकलेली टीप कळत होती, त्यांना चार वर्षं रोज कुरवाळूनही हे कळलं नव्हतं.

"दुखतं का तिला?"

"फारसं नाही. थोडं वजन उतरवलं, उड्या कमी केल्या, तर मजेत राहील. पण हे पिल्लांत उतरतं, मास्तर. सगळ्यांत नाही, पण काहींत उतरतंच, आणि कधीकधी आईपेक्षा वाईट. मग ऑपरेशनं. माझं मत विचाराल तर हिची पिल्लं होऊ देऊ नयेत. निर्णय तुमचा."

मास्तरांनी फिरकीचा पाय हळूच खाली ठेवला. मग कुणालाच न सांगितलेली ती गोष्ट त्यांनी डॉक्टरीणबाईंना सांगितली. पांढऱ्या केसांची.

डॉक्टरीणबाईंनी पेन्सिल काढली, केस पुन्हा बांधले. "एका ताग्यातून दोन कोट कापलेत, तर दोन्ही सारखे बसतात का हो?"

"छे," मास्तर म्हणाले. "एकाच माणसासाठी कापले तरी नाही बसत."

एवढ्यावरच दोघांचं बोलणं संपलं. घरी येताना मास्तरांनी फिरकीला कडेवर घेतलं. तिला पायी चालायचं होतं, त्यामुळे ती वाटभर कुरकुरत होती. यादीचं पान त्यांनी फाडलं नाही. नुसती खाली एक रेघ ओढली आणि बायकोला म्हणाले, "नको." तिने विचारलं नाही, की का. जेवताना स्वतःच्या ताटातली सगळ्यात खरपूस पोळी तिने त्यांच्या ताटात टाकली.

ड्रायव्हरकाकांना सांगणं त्यांना अवघड वाटत होतं. काका मात्र ऐकून घेऊन म्हणाले, "बरं झालं विचारलंत. मी तर साहेबांचे गुडघे कधी बघितलेच नाहीत. गाडीचा ब्रेक दर आठवड्याला बघायचो, आणि हे राहून गेलं." दुसऱ्याच दिवशी ते साहेबाला दवाखान्यात घेऊन गेले. साहेबाचे गुडघे ठणठणीत निघाले. पिल्लांचा बेत मोडला, पण त्या निमित्ताने सुरू झालेला दोघांचा संध्याकाळचा फेरफटका काही मोडला नाही. फिरकीच्या पट्ट्याचं टोक मास्तरांच्या हातात, साहेबाच्या पट्ट्याचं काकांच्या, आणि मध्ये गप्पा. फिरकी माजावर आली तेव्हा तीन आठवडे तेवढे दोघं दोन वेगळ्या रस्त्यांनी फिरले आणि फोनवर बोलले.

पिल्लं होऊ नयेत म्हणून करायच्या तिच्या ऑपरेशनची तारीख डॉक्टरीणबाईंनी माज संपल्यावर दोन-अडीच महिन्यांनंतरची दिली. आणि ती तारीख दहा दिवसांवर आली असताना फिरकीचं काहीतरी बिनसलं.

आधी खांद्याचे पॅड नाहीसे व्हायला लागले. मास्तर एका कोटासाठी जोडी काढून ठेवत आणि वळून बघतात तो एकच. मग लोकरीचा एक मोजा गेला. मग टाचण्यांची मखमली गादी, नशिबाने टाचण्यांशिवाय. चौथ्या दिवशी चिंध्यांचा खालचा खण उघडला, तेव्हा फिरकी आत गोल करून झोपलेली. भोवती सगळा ऐवज नीट मांडलेला, आणि हनुवटीखाली मोजा. हात घातल्यावर ती आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांवर गुरगुरली.

संध्याकाळी बायकोने तिला उताणी करून बघितलं. सड सुजलेले. एक दाबला तर दुधाचा थेंब आला. बायकोने मास्तरांकडे बघितलं.

"अहो, हिला दिवस गेलेत."

मास्तरांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. ते तसेच, गळ्यात टेप लटकत असताना, ड्रायव्हरकाकांच्या घरी गेले. काका दारातल्या कुंड्यांना पाणी घालत होते. साहेब पायरीवर पसरला होता.

"खरं सांगा," मास्तर म्हणाले. "ते तीन आठवडे हा कुठे होता?"

काकांना आधी काही समजेना. समजलं तेव्हा त्यांनी झारी खाली ठेवली. "मास्तर, मला काय वाटेल ते बोला. पण साहेबांच्या चारित्र्यावर बोलायचं काम नाही. फेरफटका सोडला तर ते तीन आठवडे माझ्या खाटेच्या पायाला बांधलेले होते, आणि त्यांच्या रडण्याने माझी झोप गेली होती. शेजाऱ्यांना विचारा."

शेजाऱ्यांना विचारायची गरज पडली नाही. भिंतीपलीकडून आवाज आला, "खरंय हो ते, आमचीही गेली होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन माणसं आणि दोन कुत्री दवाखान्यात हजर. डॉक्टरीणबाईंनी फिरकीच्या पोटावर सोनोग्राफी केली आणि मशीनचा पडदा सगळ्यांकडे वळवला. पडद्यावर काहीच नव्हतं. "पोट रिकामं आहे. कुत्र्यांमध्ये होतं असं. पिल्लं नसतात, पण शरीराची समजूत होते की आहेत. मोज्यालाच पिल्लू समजतात. दोन-तीन आठवड्यांत दूध आपोआप आटतं. तोवर ऑपरेशन पुढे ढकलू."

मास्तर काकांची माफी मागायला वळले. काका म्हणाले, "माझी नको, साहेबांची मागा." मास्तरांनी खरंच खाली वाकून साहेबाची माफी मागितली, आणि साहेबाने त्यांचा टेप चाटला.

त्या दिवसांत फिरकीने मोजा सोडला नाही. ती तो चाटून चाटून ओला करायची, तोंडात धरून पायऱ्यांपर्यंत न्यायची, परत आणायची. मास्तरांना बघवेना. एका कोटाची बाही त्यांनी उलटी जोडली, असं बत्तीस वर्षांत झालं नव्हतं.

पाचव्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाई स्वतःच पायऱ्या उतरून आल्या. हातात पुठ्ठ्याचं खोकं. आतून चिमणीसारखा बारीक आवाज.

"मास्तर, एक विचारायला आलेय. नाही म्हणालात तर मला राग नाही. लाकडाच्या वखारीजवळ एक कुत्री ट्रकखाली गेली. तिची ही तीन, चार दिवसांची आहेत. तपासलीत, निरोगी आहेत, पण दर दोन तासांनी बाटली देऊन ती जगवणं कठीण. फिरकीला दूध आहे. ती यांना घेईल की चावेल, मला सांगता येत नाही. मी इथे बसून राहीन."

मास्तरांनी मशीनच्या चाकावर हात ठेवून ते थांबवलं. मग खोक्यात बघितलं. मुठीएवढे तीन गोळे, डोळे मिटलेले, रंग अगदी साध्या कुत्र्यांचे: एक बदामी, एक काळा, एक कुठलाच धड नाही असा. त्यांनी तिसऱ्यांदा माप घेतलं नाही. "आणा," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी पिल्लांना फिरकीच्या चिंध्यांनी पुसलं, म्हणजे तिचा वास त्यांना लागावा, आणि बदामी पिल्लू खणाच्या कडेला ठेवलं. फिरकी ताडकन उभी राहिली. कान मागे गेले. तिने पिल्लू हुंगलं, मोजा हुंगला, पुन्हा पिल्लू हुंगलं. पिल्लाने चीं केलं. मोजा आजवर कधी बोलला नव्हता. फिरकीने पुढे होऊन पिल्लाला तोंडात उचललं तेव्हा मास्तरांनी बायकोचा दंड घट्ट धरला; ती नुकतीच बालवाडीतून येऊन दारातच थबकली होती. फिरकीने पिल्लू आत पोटाशी ठेवलं, आणि मान वर करून खोक्याकडे अशा नजरेने बघितलं, की बाकीची कुठे ठेवलीत.

पाच मिनिटांत तिन्ही सडांना लागली होती. फिरकीला पान्हा फुटला होता. पिल्लांच्या हनुवट्यांवरून दूध ओघळत होतं. मोजा तिने स्वतःच पायाने बाहेर ढकलला. डॉक्टरीणबाई जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या, केसातली पेन्सिल घसरून पडली होती, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मास्तरांची बायको म्हणाली, "मी चहा टाकते," आणि दुकानामागच्या स्वयंपाकघराऐवजी थेट रस्त्यावर गेली. डोळे पुसून परत आली.

पुढचे दोन महिने दुकानात कामाचा नुसता बोजवारा. फिरकीचं दूध तिघांना पुरं पडेना, म्हणून वरून बाटली द्यावी लागे. ड्रायव्हरकाकांनी पाळ्यांचं वेळापत्रक केलं आणि ते बसच्या वेळापत्रकापेक्षा काटेकोर पाळलं. पिल्लांचे डोळे उघडले, पाय फुटले, आणि मग गिऱ्हाइकांच्या पँटी शिवायच्या आधीच खालून कुरतडल्या जाऊ लागल्या. कुणी तक्रार केली नाही. उलट, ज्यांच्या कपड्यांत काही दोष नव्हता तेही बटण तोडून घेऊन येऊ लागले. गळालेले आठही जण हळूहळू परत आले. चष्मेवाला म्हणाला, की गावाला जाणं आता कमी केलंय. मास्तरांनी सगळ्यांना पुन्हा तेच दोन प्रश्न विचारले आणि कुणालाही सूट दिली नाही.

भाचीची बदली झाल्याने तिला जमलं नाही. बदामी बेकरीवालीकडे गेली आणि आठवड्याभरात पिठाने पांढरी झाली. काळा पोस्टमनकडे गेला. पहिल्याच दिवशी तो पोस्टमनला चावला, आणि पोस्टमन ते सगळ्यांना कौतुकाने सांगत सुटला. धड कुठलाच रंग नसलेलं पिल्लू ड्रायव्हरकाकांनी मागितलं. काकांनाही मास्तरांनी दोन प्रश्न विचारलेच. काकांनी त्यांची नेमकी उत्तरं दिली आणि पिल्लाला शर्टाच्या आत घालून घरी नेलं. त्याचं नाव त्यांनी कंडक्टर ठेवलं, कारण ते प्रत्येकाच्या खिशात तोंड घालायचं.

दूध आटल्यावर फिरकीचं ऑपरेशन झालं. टाके चाटता येऊ नयेत म्हणून गळ्याभोवती प्लॅस्टिकची घंटेसारखी कॉलर बांधून ती दहा दिवस टेबलाच्या पायांना आपटत फिरली. त्या घंटेला मास्तरांनी आतून मऊ अस्तर लावून दिलं. डॉक्टरीणबाई ते बघून म्हणाल्या, "आता दवाखान्यातल्या सगळ्या घंटांना लावून द्या." तेव्हापासून महिन्याला वीस-पंचवीस घंटा मास्तरांकडे येतात.

पिल्लं सहा महिन्यांची झाली तेव्हा एका रविवारी ड्रायव्हरकाकांनी कुणाची तरी जुनी व्हॅन मागून आणली आणि सगळ्यांना नदीवर नेलं. बेकरीवाली टोपलीभर पाव घेऊन आली होती. तिन्ही पिल्लं आता फिरकीहून मोठी झालेली, लांब पायांची. ती धावत तिच्यावर येऊन आदळली, तेव्हा फिरकीने तिघांनाही एकेकदा हुंगलं, काळ्याला तोंडातला पाव सोडायला लावला, आणि स्वतः खाल्ला. मग चौघं पाण्यात शिरली. साहेब काठावरच बसून राहिला.

मास्तरांनी बूट-मोजे काढले, पँटचे पाय दोनदा दुमडले आणि ते गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहिले. कंडक्टर पाठीमागून आला आणि त्याने त्यांना आडवं केलं. काठावरून बायको विचारत होती, लागलं का. मास्तर पाण्यात बसल्या बसल्या इतके हसत होते, की त्यांना उत्तर देता येईना.